विश्रांती किती, हालचाल किती : मेंदूच्या सौम्य इजेनंतरचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील रुग्ण ४२ वर्षांच्या असून वास्तुविशारदाच्या कार्यालयात संगणकावर इमारतींचे आराखडे काढण्याचे काम करतात. ही एखाद्या विशिष्ट व्यक्तीची नोंद नाही. मेंदूच्या सौम्य इजेनंतर रेंगाळणाऱ्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांमध्ये जे वारंवार दिसते, ते एकत्र आणून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. त्यात उल्लेखिलेले वैद्यकीय निकष, चाचण्या आणि संशोधनाचे निष्कर्ष मात्र प्रत्यक्षातले आहेत.

जिना उतरताना पाय घसरून त्या मागे पडल्या आणि डोक्याचा मागचा भाग पायरीच्या कडेवर आपटला. घरच्यांच्या सांगण्यावरून काही सेकंद शुद्ध हरपली असावी. त्यानंतरचा सुमारे तासाभराचा काळ त्यांना आजही आठवत नाही. आपत्कालीन विभागात पोहोचल्या तेव्हा ग्लासगो कोमा स्केल या शुद्धीची पातळी मोजणाऱ्या मापावर त्यांना १५ पैकी १५ गुण मिळाले, आणि दोनदा उलटी झाल्यामुळे केलेल्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा अस्थिभंग आढळला नाही. गुण १३ ते १५ असणे, शुद्ध हरपल्याचा काळ ३० मिनिटांच्या आत असणे आणि स्मृती खंडित झाल्याचा काळ २४ तासांच्या आत असणे, या निकषांनुसार ही सौम्य इजा, म्हणजेच कन्कशन, ठरली. हे वर्गीकरण पहिल्या दिवशीच्या स्थितीचे आहे. बरे व्हायला दोन आठवडे लागतील की सहा महिने, हे त्यावरून कळत नाही, आणि स्कॅन निर्दोष आहे म्हणजे काही झालेलेच नाही असेही नाही, कारण पेशींच्या पातळीवरचा बिघाड सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही.

घरी सोडताना धोक्याची लक्षणे व्यवस्थित समजावून सांगण्यात आली होती : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, अतिरिक्त झापड, बोलण्यात अडखळणे, हातापायातील बळ कमी होणे, फिट येणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ परत यायचे. विश्रांतीविषयीची सूचना मात्र एकाच वाक्यात होती : डोकेदुखी थांबेपर्यंत पूर्ण विश्रांती घ्या. पुढच्या दोन महिन्यांचा गुंता बऱ्याच अंशी या वाक्यातून निघाला, असे माझे मत आहे. त्यात हेतू चांगला होता, पण मुदत नव्हती. आणि विश्रांती संपण्याची अट एका लक्षणाला बांधलेली असल्यामुळे लक्षण लांबले की विश्रांतीही आपोआप लांबत होती.

पहिले दोन दिवस आणि त्यानंतरचे तीन आठवडे

सुरुवातीच्या विश्रांतीला भक्कम आधार आहे. डोक्याला झटका बसला की चेतापेशींमधून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, ग्लुटामेटसारखी उत्तेजक रसायने अवाजवी प्रमाणात सुटतात, आणि हा विस्कटलेला समतोल पूर्ववत करण्यासाठी पेशींच्या पटलावरील आयनपंपांना, म्हणजे असे क्षार आत-बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनांना, एरवीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा लागते. त्याच सुमारास मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असू शकतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशा या अवस्थेत मेंदूवर कामाचा आणखी भार न टाकणे शहाणपणाचेच असते. प्रयोगशाळेतील उंदरांवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचीच एक बाजू दिसली होती. इजेनंतर लगेच पहिल्या आठवड्यात चाकावर धावू दिलेल्या उंदरांना व्यायामाचा लाभ झाला नाही, उलट शिकण्याच्या चाचणीत ते मागे पडले. दोन आठवड्यांनंतर धावू दिलेल्यांमध्ये मात्र चेतापेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिने वाढली आणि त्यांची कामगिरीही सुधारली.

माणसांच्या बाबतीत ही मुदत किती असावी, यावर गेल्या काही वर्षांत बरीच स्पष्टता आली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११ ते २२ वर्षे वयाच्या कन्कशन झालेल्या रुग्णांपैकी काहींना पाच दिवस कडक विश्रांती आणि काहींना नेहमीप्रमाणे एकदोन दिवसांची विश्रांती सांगितली गेली. कडक विश्रांतीच्या गटाने अधिक लक्षणे नोंदवली आणि त्यांची लक्षणे हळू ओसरली. खेळातील कन्कशनविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची सहमती बैठक २०२२ साली अॅमस्टरडॅम येथे झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निवेदनाने लक्षणे पूर्ण ओसरेपर्यंतच्या कडक विश्रांतीचा सल्ला स्पष्टपणे बाजूला ठेवला आणि त्याऐवजी फार तर पहिले ४८ तास सापेक्ष विश्रांती सुचवली. म्हणजे दैनंदिन व्यवहार चालू ठेवायचे, पडदा पाहणे कमी करायचे, आणि पहिल्या २४ ते ४८ तासांतच चालण्यासारखी हलकी हालचाल सुरू करायची. या शिफारशी मुख्यत्वे खेळाडूंच्या आणि किशोरवयीनांच्या अभ्यासांवर उभ्या आहेत, हे खरे. तरी जिन्यावरून पडलेल्या प्रौढ व्यक्तीच्या मेंदूतील प्रक्रिया वेगळ्या जातीची नसते, आणि व्यवहारात तेच तत्त्व तिलाही लागू केले जाते.

या प्रकरणातील रुग्णांनी मात्र तीन आठवडे पडदे ओढलेल्या खोलीत काढले. सूचनेचे पालन त्यांनी इतक्या निष्ठेने केले की घरातही काळा चष्मा लावला, शाळकरी मुलाला दबक्या आवाजात बोलायला सांगितले, आणि घरातील प्रत्येक काम नवऱ्याने अंगावर घेतले. कन्कशननंतरच्या विश्रांतीची कल्पना बहुतेक लोक मोडलेल्या पायाच्या प्लास्टरवरून करतात : भाग स्थिर ठेवला की तो जुळतो. मेंदूला असे प्लास्टर घालता येत नाही. खोलीत पडून राहिले तरी तो काम करतच असतो, आणि त्याला नेहमीचे काम मिळाले नाही तर तो लक्षणांवर पहारा देण्याचे काम घेतो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्या तक्रारी सुरुवातीपेक्षा वाढल्या होत्या, आणि त्यांतील निम्म्या तरी मूळ इजेच्या नव्हत्या. दिवसा तुकड्या-तुकड्यांनी चारपाच तास झोप होत असल्यामुळे रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नव्हता. उठून उभे राहिले की नाडी धावू लागे, कारण तीन आठवडे आडवे राहिलेल्या कोणाही निरोगी माणसाचे हृदय आणि रक्तवाहिन्या उभ्या स्थितीची सवय गमावू लागतात. सतत अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना खिडकीतला साधा उजेडही टोचू लागला होता. शिवाय भीती होती. आपण काही केले तर मेंदूला कायमची हानी होईल, ही समजूत त्यांना कोणी स्पष्ट शब्दांत दिलेली नव्हती. ती पडद्यांनी, चष्म्याने आणि घरातल्या दबक्या आवाजांनी दिली होती.

झोके

चौथ्या आठवड्यात एक सकाळ बरी उगवली आणि त्या थेट कार्यालयात गेल्या. साडेसहा तास काम केले, घरी आल्या, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. मग पुन्हा एक बरा दिवस, पुन्हा साठलेली कामे, पुन्हा दोन-तीन दिवस आडवे. सातव्या आठवड्यात पुनर्वसन विभागात आल्या तेव्हा त्यांच्या वहीत या झोक्यांची स्पष्ट नोंद होती. आठवडाभरात होणारे एकूण काम फारसे नव्हतेच, पण ते एखाद्या दिवशी पर्वताएवढे आणि बाकीच्या दिवशी शून्य असे विभागले गेले होते.

या प्रकरणात माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. विश्रांती जास्त झाली की हालचाल जास्त झाली, असा वाद घरात चालला होता. नवऱ्याचे म्हणणे, ती ऐकत नाही, फार करते. रुग्णाचे म्हणणे, मी तर आठवड्यातले चार दिवस पडूनच असते. दोघांचेही खरे होते. बिघडलेली गोष्ट सरासरी नव्हती, चढ-उतार होते, आणि त्या चढ-उतारांची दोरी लक्षणांच्या हाती होती. बरे वाटले की काम, दुखले की विश्रांती, हा नियम वरवर अगदी नैसर्गिक वाटतो. पण त्यात काम नेहमी लक्षणे उसळेपर्यंत चालते आणि विश्रांती नेहमी शिक्षेसारखी, उशिरा येते. शिवाय प्रत्येक वेळी कामाच्या पाठोपाठ त्रास आल्यामुळे काम म्हणजे त्रास ही सांगड पक्की होत जाते.

तपासणी

कोणतेही वेळापत्रक आखण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करणे आवश्यक होते : जे काही चालले आहे, त्यातले किती विश्रांती आणि हालचाल यांच्या समतोलाने सुटणारे आहे आणि कशावर स्वतंत्र उपचार हवे आहेत. कन्कशननंतरच्या रेंगाळणाऱ्या तक्रारी एकाच मुळाच्या क्वचित असतात. धोक्याची लक्षणे नव्हती, चेतासंस्थेच्या तपासणीत दोष नव्हता, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू नव्हती. ती चालू असती किंवा रुग्ण वयस्क असत्या, तर सातव्या आठवड्यातली वाढती डोकेदुखी कवटीच्या आत सावकाश साठणाऱ्या रक्ताची असू शकते आणि पुन्हा स्कॅन करावा लागतो.

पलंगावर कुशीवर वळताना काही सेकंद खोली गरगर फिरते, ही तक्रार त्यांनी थकव्यातच जमा केली होती. डोके उजवीकडे वळवून झटकन मागे आडवे केल्यावर क्षणभराने डोळे ठरावीक पद्धतीने फिरू लागले, आणि निदान तिथेच झाले : आघातामुळे अंतर्कर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले होते. यावर विश्रांतीचा काही उपयोग नाही. एपली पद्धतीने डोके क्रमाक्रमाने वळवून स्फटिक परत जागी नेले की बहुतेकांना एकदोन बैठकांतच आराम पडतो, आणि यांनाही दुसऱ्या बैठकीनंतर ती गरगर उरली नाही. सात आठवडे ज्या लक्षणाला भिऊन त्या मान वळवत नव्हत्या, ते काही मिनिटांच्या उपचाराचे होते. मान न वळवल्यामुळे मानेचे वरचे स्नायू आखडले होते आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या दुखण्यात त्यांचा वाटा होता, ही त्याच गोष्टीची पुढची कडी.

दुसरा दोष डोळ्यांचा सापडला. पेनाचे टोक नाकाकडे आणत गेले की साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळ्यांनी ते एकच दिसायला हवे. यांना चौदा सेंटिमीटरवरच दोन टोके दिसू लागली. दिवसभर बारीक रेषा पाहणाऱ्या व्यक्तीसाठी हा दोष साधा नव्हे, कारण प्रत्येक मिनिटाला डोळे जवळ खेचून धरण्याची मेहनत पडते आणि ती मेहनत 'मेंदूचा थकवा' या नावाखाली दडून जाते. त्यासाठी दृष्टीचे वेगळे व्यायाम सुरू केले. वेदनाशामक गोळी त्या जवळजवळ रोज घेत होत्या. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते, अशी या विकाराची व्याख्या आहे. तेवढा काळ झालेला नव्हता, पण वाट तीच होती. गोळी आठवड्यातून दोन दिवसांवर आणायचे ठरले. मनःस्थितीच्या चाचणीत मध्यम उदासी आणि बरीच चिंता दिसली, त्यासाठी समुपदेशन सुरू झाले.

शारीरिक हालचालीची मर्यादा ठरवण्यासाठी ट्रेडमिलवरची चाचणी घेतली. बफेलो येथील विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत चालण्याचा वेग बेताचा ठेवून दर मिनिटाला पट्ट्याचा चढ थोडा वाढवतात, दर मिनिटाला नाडी आणि लक्षणांचे शून्य ते दहा या मापावरचे गुण नोंदवतात, आणि लक्षणे ठरावीक प्रमाणात वाढली की थांबतात. यांचे लक्षणांचे गुण सुरुवातीला दोन होते. सहाव्या मिनिटाला ते पाचवर गेले आणि त्या वेळी नाडी मिनिटाला ११८ होती. या आकड्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे साधारण ९५ ते १०५, ही त्यांची चालतानाच्या नाडीची पट्टी, म्हणजे मर्यादा, ठरली. या पद्धतीमागे पुरावा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी मर्यादा आखून रोज व्यायाम केलेले किशोरवयीन खेळाडू मध्यकाने (निम्मे त्याआधी, निम्मे नंतर) १३ दिवसांत बरे झाले, तर फक्त स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम केलेले १७ दिवसांत. फरक प्रचंड नाही. पण त्याहून महत्त्वाची बाब अशी, की मर्यादेतला व्यायाम सुरक्षित आहे हे त्यातून दिसले, आणि भ्यालेल्या रुग्णाला पहिल्यांदा सांगायची गोष्ट तीच असते.

चाचणीनंतर त्यांनी विचारले, "म्हणजे डोकं दुखलं तरी चालेल?" उत्तर असे दिले गेले की थोडे दुखले तर चालेल, आणि थोडे म्हणजे किती हे आता आपल्याला माहीत आहे. लक्षणे दहाच्या मापावर दोन गुणांपर्यंत वाढली आणि तासाभरात मूळ पातळीवर आली, तर ती सौम्य आणि तात्पुरती वाढ समजायची. तेवढी वाढ ही हानीची खूण नाही. ही मर्यादा अॅमस्टरडॅमच्या निवेदनातही हीच आहे. कधी थांबायचे हे कळले, की कधी थांबायचे नाही हेही कळते.

आखणी

पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ नोंदीचा ठेवला. संगणकासमोर बऱ्या दिवशी तीन तास निघत, वाईट दिवशी पंधरा मिनिटे, आणि बहुतेक दिवशी तिसाव्या मिनिटाच्या आसपास डोके जड होऊ लागे. सुरुवातीचे माप बऱ्या दिवसावरून घ्यायचे नाही, बहुतेक दिवशी निभेल असे घ्यायचे, या तत्त्वानुसार वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे विराम, अशा चार फेऱ्या ठरल्या. विराम घड्याळाने यायचा. डोके शांत असले तरी विसाव्या मिनिटाला उठायचे, आणि डोके थोडे जड असले तरी, वाढ दोन गुणांच्या आत असेल तर, फेरी पूर्ण करायची.

विरामात काय करायचे, याची चर्चा मला आखणीतली सर्वांत उपयोगाची वाटते. रुग्णांच्या वहीत जिथे 'विश्रांती' लिहिलेले होते, तिथे पुष्कळदा आडवे पडून फोन पाहणे चाललेले असे. फोनचा पडदा डोळ्यांना जवळ खेचतो, बातम्या आणि संदेश लक्ष मागतात, बोट सरकवताना हलणारी अक्षरे संतुलनाच्या यंत्रणेला ताण देतात. म्हणजे ज्या तिन्ही यंत्रणा थकल्या आहेत, त्यांनाच ते काम आहे. म्हणून विरामाची जात कामाच्या जातीवर ठरवली. पडद्यानंतरचा विराम म्हणजे उभे राहणे, दूरवर पाहणे, पाणी पिणे, मान सावकाश फिरवणे. गोंगाटानंतरचा विराम म्हणजे शांत जागी बसणे. चालून आल्यावर मात्र बसून पुस्तकाची दोन पाने वाचली तरी ती विश्रांतीच, कारण थकले ते पाय आहेत. दिवसातून दोनदा वीस मिनिटे डोळे मिटून पडण्याची सोय ठेवली. झोप लागलीच तर तीस मिनिटांत उठायचे आणि दुपारी तीननंतर झोपायचे नाही. सकाळी उठण्याची वेळ साडेसहा, आदली रात्र कशीही गेली तरी.

रोज वीस मिनिटे ठरलेल्या पट्टीत चालणे, मनगटावरच्या यंत्रावर नाडी पाहून. पावलांचे लक्ष्य मुद्दाम दिले नाही. दहा हजार पावले वगैरे आकडे या अवस्थेत घातक ठरू शकतात, कारण ते रोज गाठण्याची ईर्ष्या निर्माण करतात आणि नाडी किंवा लक्षणे यांच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. वाढ आठवड्यातून एकदाच, आणि एका वेळी एकाच गोष्टीत : चालण्याचा अवधी वाढवला तर त्या आठवड्यात पडद्याच्या फेऱ्या तेवढ्याच. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि त्रास झाला, तर दोष कोणाचा हे कळत नाही आणि दोन्ही सोडल्या जातात.

घरच्यांसाठीही आखणी होती. पडदे रोज थोडे अधिक उघडायचे आणि काळा चष्मा फक्त बाहेरच्या कडक उन्हात. मुलाने नेहमीच्या आवाजात बोलायचे, पण संध्याकाळचा अर्धा तास शांततेचा ठेवायचा. कपड्यांच्या घड्या घालणे आणि भाजी निवडणे ही कामे रुग्णाकडे परत गेली. नवऱ्याला हे जड गेले. काळजीने घेतलेले काम परत देणे, हे काम घेण्यापेक्षा अवघड असते.

वाटचाल

सर्वांत कठीण गेले ते बऱ्या दिवशी थांबणे. आखणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्या वारंवार म्हणत, "आज एवढं बरं वाटतंय, मग आजच का नको?" बऱ्या दिवशी जे शिल्लक राहते ते उद्या वापरता येते, असे त्यांना सांगण्यात आले. पटले ते मात्र वहीमुळे : तिसऱ्या आठवड्यात पूर्ण अंथरुणात गेलेला एकही दिवस नव्हता, आणि आठवड्याचे एकूण काम झोक्यांच्या काळापेक्षा जास्त भरले होते, जरी कोणत्याही एका दिवशी ते फार वाटले नव्हते.

आखणीच्या चौथ्या आठवड्यात कार्यालयातून एक तातडीचा आराखडा दुरुस्तीसाठी आला आणि त्या सलग तीन तास बसल्या. दुसऱ्या दिवशी डोकेदुखी सातवर, मळमळ, उजेड सहन होईना. दोन दिवस पडून राहण्याचा बेत त्यांनी फोनवर कळवला. ठरले ते वेगळे. उठण्याची वेळ तीच ठेवायची, चालणे दहा मिनिटे आणि पट्टीच्या खालच्या टोकाला, फेऱ्या एक दिवसापुरत्या निम्म्या, आणि पडदे उघडेच. तिसऱ्या दिवशी त्या आधीच्या पातळीवर आल्या. पूर्वी अशी उसळी तीन दिवस अंथरुणात खात असे. उसळी मेंदूच्या नव्या इजेची नव्हती, तिच्यानंतरच्या तीन दिवसांच्या अंथरुणानेच ती लांबत होती, हे त्यांना सांगून कधी पटले नसते.

कामावर परतणे इजेनंतरच्या बाराव्या आठवड्यात सुरू झाले. कार्यालयाने सद्भावनेने असे सुचवले की एक दिवसाआड पूर्ण दिवस यावे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ते सोयीचे असते, आणि पुष्कळ ठिकाणी हाच पर्याय पुढे केला जातो. पण तो झोक्यांचीच अधिकृत आवृत्ती आहे. त्याऐवजी रोज दोन तास, सकाळच्या वेळी, बैठकांशिवाय, अशी विनंती लेखी पाठवली गेली आणि ती मान्य झाली. दोनाचे तीन, तिनाचे चार तास होताना प्रत्येक टप्प्यावर किमान एक आठवडा थांबले. आराखडे झपाट्याने सरकवणे आणि त्रिमितीय चित्र फिरवणे, ही संतुलनाला सर्वाधिक ताण देणारी कामे शेवटी आली. तेराव्या आठवड्यातील ट्रेडमिल चाचणीत नाडी १५६ पर्यंत गेली तरी लक्षणे वाढली नाहीत. तेव्हापासून नाडीची मर्यादा काढून टाकली.

काही मर्यादा

या प्रकरणातील मापे दुसऱ्या कोणी जशीच्या तशी उचलू नयेत. ती एका तपासणीतून आलेली आहेत आणि दुसऱ्या रुग्णाची मर्यादा नाडीच्या ९० वर असेल किंवा १४० वर. मेंदूच्या मध्यम आणि गंभीर इजांमध्ये तर प्रश्नच वेगळे असतात. तिथे जाग, गिळणे, हातापायांची ताकद, वर्तन यांपासून सुरुवात होते आणि थकवा वर्षानुवर्षे टिकू शकतो. हालचाल लवकर आणि भरपूर केली की बरेच होते, हा उलटा अतिरेकही पुराव्याला धरून नाही. पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवरील 'एव्हर्ट' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले, तेव्हा पहिल्या २४ तासांत वारंवार आणि जास्त प्रमाणात उठवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचाराच्या गटापेक्षा काहीशी खराब निघाली. पक्षाघात ही वेगळी व्याधी आहे, तरी घायाळ मेंदूला उठवताना मात्रा महत्त्वाची असते, एवढे त्यातून घेता येते.

या रुग्णांच्या बाबतीत एक प्रश्न माझ्या मनात अनिर्णित आहे. त्यांच्या सुधारणेत आखणीचा वाटा किती, स्फटिक जागी बसवण्याचा आणि दृष्टीच्या व्यायामांचा किती, आणि निव्वळ काळाचा किती, हे एका प्रकरणातून वेगळे काढता येत नाही. कन्कशन झालेले बहुतेक लोक काही आठवड्यांत आपसूक बरे होतात. मात्र इजेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात काळ चालूच होता आणि सुधारणा नव्हती, ही नोंद आखणीच्या बाजूने जाते.

सहाव्या महिन्यातील स्थिती

सध्या त्या रोज सात तास काम करतात, मधले विराम आता चाळीस मिनिटांनी येतात. वेदनाशामक गोळी महिन्यातून एखाद-दोनदा लागते. रात्रीची झोप साडेसहा ते सात तास. डोळे जवळ आणण्याची मर्यादा चौदावरून आठ सेंटिमीटरवर आली आहे, म्हणजे तिथे अजून काम बाकी आहे आणि दृष्टीचे व्यायाम चालू राहतील. अनेक जण एकदम बोलत असलेली बैठक पाऊण तासानंतर जड जाते. त्यासाठी दाराजवळची जागा आणि मध्येच पाच मिनिटे बाहेर जाण्याची मुभा घेतली आहे.

लक्षणांची वही बाविसाव्या आठवड्यात बंद केली. ती सुरुवातीला आवश्यक होती, पण दिवसातून अनेकदा स्वतःच्या डोक्याला गुण देत राहिले की बारीकसारीक संवेदनाही लक्षण म्हणून नोंदल्या जाऊ लागतात. वहीच्या शेवटच्या काही पानांवर 'एक' आणि 'दीड' असे आकडे दिसू लागले होते. आता आठवड्यातून एकदा, रविवारी, तीन ओळी लिहायच्या : किती झोप, किती चालणे, कोणते काम टाळले. टाळलेल्या कामांची ओळ पुढच्या भेटीत पाहिली जाईल, कारण या टप्प्यावर बाकी राहिलेली भीती असेल तर ती तिथेच दिसेल.